जुना प्लेस्टेशन घ्यावा का? दुरुस्तीच्या टेबलावरून एक सविस्तर उत्तर

साताऱ्याच्या एका आईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाची दहावीची परीक्षा झाली आहे आणि त्याला प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, हवा आहे. पुण्यातील एक गृहस्थ पाच वर्षे वापरलेला, एक टेराबाइटचा प्लेस्टेशन ४ स्लिम दोन कंट्रोलर आणि ‘आत भरलेले चाळीस गेम’ यांसह पंधरा हजारांना देत आहेत. दुसरीकडे, नात्यातील एक तरुण अमेरिकेहून कायमचा परत येत असून स्वतःचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ अठ्ठावीस हजारांना देण्यास तयार आहे. नवा घेण्याइतके पैसे आज हाताशी नाहीत, जुन्यात फसण्याची भीती वाटते आणि घरात या यंत्राची जाण असलेले कोणी नाही. तेव्हा जुना घ्यावा का, आणि घ्यायचा तर यांपैकी कोणता?

गेली सोळा वर्षे मी पुण्यात कन्सोल आणि लॅपटॉप दुरुस्त करतो, आणि जुना कन्सोल घेऊन लगेच दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतील बहुतेकांनी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारलेला असतो, ‘चालू आहे ना?’ आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘हो’ असेच मिळालेले असते. चालू असणे हे पुरेसे नाही, कारण कन्सोलचे दोष दोन अगदी वेगळ्या जातींचे असतात. काही दोष पैशांत मोजता येतात: हातात धरून खेळायच्या कंट्रोलरची स्टिक, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पण आता वाळलेली पेस्ट, थकलेली हार्ड डिस्क. अशा दोषांसाठी किंमत कमी करून घ्यावी आणि यंत्र खुशाल घ्यावे. दुसरे दोष असे असतात की ते दिसताच चहाचे आभार मानून उठून यावे, मग समोरचा कितीही स्वस्तात देत असो. या दोहोंतील फरक तुम्हाला ओळखता आला, तर जुना कन्सोल घेणे हा माझ्या मते पूर्णपणे शहाणपणाचा व्यवहार आहे.

सर्वांत आधी त्या चाळीस गेमांबद्दल लिहितो, कारण पंधरा हजारांतला मोठा वाटा त्यांच्याच नावाने मागितलेला दिसतो. डिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या चकतीवर, नसलेला गेम कन्सोलचा नसतो. तो ज्या खात्यातून विकत घेतला त्या खात्याचा असतो. विकणाऱ्याने आपले खाते कन्सोलवर तसेच ठेवले, तर गेम काही दिवस उघडतात. पण त्याने घरी बसून त्या कन्सोलला दिलेली ‘मुख्य प्लेस्टेशन ४’ ही मान्यता वेबसाइटवरून काढून घेतली, की प्रत्येक गेमच्या चित्रावर कुलूप दिसू लागते. यात त्याने चोरी केली असेही म्हणता येत नाही, कारण गेम त्याचेच होते, आणि खाते दुसऱ्याच्या हवाली करण्यास सोनीच्या अटींची मुळात परवानगीच नाही. एका वडिलांनी दिवाळीसाठी घेतलेला असा कन्सोल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला होता. यंत्रात काहीच बिघाड नव्हता, पण तेवीस गेमांपैकी एकही उघडत नव्हता आणि विकणारा फोन उचलत नव्हता. त्या मुलाला मी काय सांगणार होतो?

दुसरी शक्यता अशी की कन्सोल जेलब्रेक केलेला आहे. बाजारात त्याला ‘जेबी’ म्हणतात. त्याचे संगणकीय कवच मोडून चोरीच्या प्रती आत भरलेल्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे: विकणारा ‘नेटला जोडू नका’ किंवा ‘अपडेट करू नका’ असे बजावतो, आणि सेटिंग्जमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती ९.०० किंवा ११.०० अशी जुनी, मुद्दाम अडवून ठेवलेली दिसते. असा कन्सोल अपडेट केला तर तो सहसा सरळ होतो, मात्र सर्व गेम जातात. आणि पूर्वी तो तशाच अवस्थेत नेटला जोडला गेला असेल, तर सोनीने त्यावर कायमची बंदी घातलेली असू शकते. ही बंदी खात्यावर नसते, यंत्रावर असते. तुम्ही नवे खाते उघडले तरी ती उठत नाही आणि माझ्या टेबलावर तिला औषध नाही. म्हणून चाळीस गेमांची किंमत शून्य धरा, आणि विकणारा त्यांचे जितके कौतुक करील तितके अधिक सावध व्हा. मूळ डिस्क आणि त्यांच्या डब्या हाती येत असतील, तर मात्र त्या प्रत्येकीची किंमत अवश्य धरावी.

आता यंत्राकडे येऊ. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आला आणि जानेवारी २०१४ मध्ये भारतात ३९,९९० रुपयांना विकला जाऊ लागला. स्लिम सप्टेंबर २०१६ चा. स्लिमबद्दल माझे मत चांगले आहे. पहिल्या जाड्या प्लेस्टेशन ४ पेक्षा तो कमी वीज घेतो आणि कमी तापतो. शिवाय जुन्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय होते, यात ५ गिगाहर्ट्झचेही आहे. त्याची हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपला लागते तशी साधी अडीच इंची साटा डिस्क. मागच्या कोपऱ्यावरचे छोटे झाकण सरकवले की आत एकच स्क्रू दिसतो, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन ही सोनीची चार चिन्हे कोरलेली असतात, आणि तो काढला की डिस्क बाहेर येते. तिथे साडेनऊ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवून, पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअर पुन्हा घालता येते. पाच वर्षांच्या स्लिममध्ये हार्ड डिस्क थकलेली असणे साहजिक आहे, त्यामुळे ‘गेम उघडायला फार वेळ लागतो’ ही तक्रार पैशांत मोजण्याच्या जातीची आहे.

प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय नाही. त्याची मूळ साठवण (पहिल्या मॉडेलांत ८२५ गिगाबाइट) मदरबोर्डवरच झाळलेली आहे. जादा जागेसाठी एम.२ एसएसडीचा एक खण दिलेला असला, तरी मूळ साठवण गेली तर बोर्डाचेच काम निघते आणि ते काम महाग पडते. त्याच्या मुख्य चिपवर पेस्टऐवजी द्रवधातूचा थर असतो. तो उष्णता उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो. अननुभवी हातांनी कूलर उघडून परत बसवलेला असेल, तर हा द्रव बाजूला सरकून चिपचा काही भाग कोरडा पडतो किंवा शेजारच्या भागांवर जातो. त्यामुळे प्लेस्टेशन ४ ‘एकदा सर्व्हिसिंग केलेला’ असेल तर मला ते आवडते, आणि प्लेस्टेशन ५ कोणी उघडलेला असेल तर मी दहा प्रश्न विचारतो: कोणी उघडला, कशासाठी, कूलरपर्यंत गेले होते की फक्त पंख्याची धूळ काढली होती?

डिस्क ड्राइव्हची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्लेस्टेशनच्या अनेक मॉडेलांत ड्राइव्हचे नियंत्रण करणारे सर्किट त्याच मदरबोर्डशी जुळवलेले असते. अशा मॉडेलात दुसऱ्या कन्सोलमधला ड्राइव्ह त्याच्या सर्किटासह आणून लावला तर तो डिस्क ओळखत नाही. यांत्रिक बिघाड दुरुस्त होतात, लेन्सही बदलता येते, पण मूळ सर्किट हरवले किंवा जळले तर गेमच्या डिस्क कायमच्या बंद. त्यामुळे ‘डिस्क लागत नाही, पण डाउनलोड केलेले गेम छान चालतात’ असा कन्सोल कितीही स्वस्त मिळाला तरी तुमच्यासारख्या घराने घेऊ नये. नवे गेम महाग असतात, आणि जुनी डिस्क घेऊन खेळून झाल्यावर पुन्हा विकणे हाच मध्यमवर्गीय घराला परवडणारा मार्ग आहे. याच कारणासाठी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस किंवा प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती मी तुम्हाला सुचवत नाही. त्यांना डिस्कची फटच नाही.

प्रत्यक्ष पाहायला दिवसाउजेडी जा आणि विकणाऱ्याच्या घरीच जा. त्याला आदल्या दिवशी दोन गोष्टी सांगून ठेवा: कन्सोल आधी पुसून ठेवू नका, आणि आम्ही येण्यापूर्वी दोन-तीन तास तो बंद असू द्या. पहिली विनंती विचित्र वाटेल, कारण विकण्यापूर्वी आपली माहिती पुसावी असेच सर्वत्र सांगितले जाते. पण कन्सोल आपल्या चुकांची नोंद स्वतःच ठेवतो. प्लेस्टेशन ४ मध्ये सेटिंग्जच्या सिस्टिम या भागात, आणि प्लेस्टेशन ५ मध्ये त्याच भागातील सिस्टिम सॉफ्टवेअरखाली ‘एरर हिस्टरी’ असते. तिच्यात तारखांसह नोंदी दिसतात. महिन्यातून एखादी नोंद कोणत्याही गेमच्या चुकीने होते, तिची काळजी नको. मात्र तीच नोंद आठवड्यातून चार-चार वेळा आणि अगदी परवापर्यंत दिसत असेल, तर तिचा फोटो काढून जाणकाराला दाखवा. पुसलेल्या कन्सोलमध्ये हा सगळा इतिहास नाहीसा होतो. पुसायचे काम तुमच्या डोळ्यांसमोर, पैसे देण्याच्या क्षणी झाले पाहिजे. दुसऱ्या विनंतीचे कारण असे की बोर्डावरील झाळण सैल झाली असेल, तर काही यंत्रे थंड असताना चालू होत नाहीत आणि एकदा तापली की दिवसभर चालतात. आधीच तापवून ठेवलेल्या कन्सोलमध्ये हा दोष लपतो. म्हणून पोहोचल्यावर सहज म्हणून मागच्या जाळीला हात लावून पाहा. ती गार असली पाहिजे.

चालू करण्यापूर्वी यंत्र हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवा. प्लास्टिकवरचे ओरखडे मी मोजतच नाही. मी पाहतो ती टीव्हीची केबल लावायची एचडीएमआयची खाच, यूएसबीच्या कडा आणि स्क्रूंची डोकी. खाचेतली पट्टी तिरकी किंवा एखादी पिन दबलेली असेल, तर ती खाच बदलावी लागेल. प्लेस्टेशन ४ मध्ये हे नेहमीचे काम आहे. लोखंडी कडांवर तांबूस गंज असेल, तर यंत्र कोकणपट्टीत किंवा समुद्राजवळ राहिले आहे का, ते विचारा. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत शिरले. त्यानंतर कित्येक महिने भिजलेले, उन्हात वाळवलेले टीव्ही, लॅपटॉप आणि कन्सोल माझ्याकडे येत राहिले. ज्यांची ती यंत्रे होती त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटते. पण त्यांतली काही यंत्रे ‘चालू’ म्हणून पुढे विकली गेली हेही मी पाहिले. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, आणि बाहेरून पुसला तरी स्क्रूच्या खोल भोकांत व पंख्याच्या जाळीमागे त्याची पिवळट रेघ राहते. मोबाइलचा टॉर्च मारून तिथे पाहा. अशी रेघ दिसली तर उठून या. बोर्डावर एकदा सुरू झालेली क्षारांची झीज चालू यंत्रातही आतून पसरत राहते.

टॉर्च हातात आहेच, तर झुरळांची चिन्हेही पाहून घ्या. हे लिहिताना संकोच वाटतो, पण प्लेस्टेशन ४ च्या दुरुस्तीत हा विषय फार मोठा आहे. बंद वाटत असतानाही रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, यंत्र कोमट राहते, जाळी रुंद असते, आणि झुरळांना पॉवर सप्लायच्या आसपास घर करायला आवडते. जाळीत काळे बारीक ठिपके आणि कुबट वास ही त्याची चिन्हे. यंत्र पूर्ण खोलून धुऊन काढता येते, पण पॉवर सप्लायमध्ये शॉर्ट झालेला असेल तर खर्च वाढतो. शिवाय तुमच्या स्वयंपाकघरात नवे पाहुणे येतात.

मग तो टीव्हीला जोडा. एचडीएमआय केबल आपली न्या, म्हणजे दोष केबलचा की खाचेचा हा वाद उरत नाही. पांढरा दिवा लागून चित्र येत नसेल, तर बहुधा खाच किंवा एचडीएमआयची आयसी (बोर्डावरची छोटी चिप) गेलेली असते. चित्र आल्यावर केबल अगदी हलके हलवून पाहा, ते लुकलुकता कामा नये. तुमच्या मुलाच्या मित्राकडून दोन डिस्क उसन्या घेऊन जा. त्यांतली एक घालून बाहेर काढणे तीन वेळा करा, आणि दुसरी, ज्यात मोठे मैदान किंवा शहर असेल अशा जड गेमची, सलग पंचेचाळीस मिनिटे खेळू द्या. ही पाऊण तासाची परीक्षा मी कोणालाही टाळू देत नाही. मेनू तासभर पाहत बसल्याने काहीच कळत नाही, कारण मेनूला चिपचा जोर लागतच नाही. सुरुवातीची दहा मिनिटे सगळेच कन्सोल शांत असतात. वीस-पंचवीस मिनिटांनी पंखा वाढतो, आणि खरे चित्र त्यानंतर दिसते. स्लिमचा पंखा वाढलेला ऐकू येणे ठीक आहे. मात्र शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका तो घोंगावू लागला, तर धूळ आणि वाळलेली पेस्ट आहे असे समजून सर्व्हिसिंगचे पैसे कमी करून घ्या. यंत्र जास्त तापल्याची सूचना आली, चित्रावर रंगीत चौकोन उमटले किंवा कन्सोल आपोआप बंद पडला, तर मात्र किंमत बोलू नका.

मुलगा खेळत असताना कंट्रोलर आपोआप तपासले जातात. गेममध्ये एका जागी उभे राहून स्टिक सोडून द्यायला सांगा. माणूस आपोआप चालू लागला किंवा दृश्य हळूहळू वळू लागले, तर स्टिक ड्रिफ्ट होत आहे. या स्टिकच्या आत घासून झिजणारे छोटे पोटेन्शिओमीटर असतात, त्यामुळे हा दोष वयाचा आहे, कोणाच्या हलगर्जीपणाचा नाही, आणि तो बदलून मिळतो. याहून महत्त्वाचे म्हणजे कंट्रोलर अस्सल आहे का ते पाहणे. प्लेस्टेशन ४ चे नकली कंट्रोलर आपल्या बाजारात इतके मुरले आहेत की विकणाऱ्यालाही अनेकदा आपल्याकडचा नकली आहे हे ठाऊक नसते. खाचेत साधा हेडफोन लावून आवाज येतो का पाहा, आणि मधल्या स्पर्शपट्टीवर बोट सरकवून आणि ती दाबून पाहा. नकलींमध्ये बहुधा यांतलेच काहीतरी अपुरे असते. नकली कंट्रोलरची किंमत धरू नका. नव्या अस्सल कंट्रोलरचा आजचा भाव आधीच दुकानात विचारून गेलात, तर बोलणी करताना तुमच्या हाती नेमका आकडा असेल.

शेवटची परीक्षा नेटची. घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर मुलाचे प्लेस्टेशन खाते तयार करा. देश भारत निवडा, कारण तो नंतर बदलता येत नाही. कन्सोल विकणाऱ्याच्या वायफायला किंवा तुमच्या हॉटस्पॉटला जोडा, त्या नव्या खात्याने आत जा, स्टोअर उघडा आणि एखादा फुकटचा छोटा गेम उतरवायला लावा. डाउनलोड सुरळीत सुरू झाले म्हणजे वायफाय ठीक आहे, आतल्या साठवणीवर लिहिले जाते आहे, आणि यंत्रावर बंदी नाही, या तिन्ही गोष्टी एकदम कळतात. नवे खाते आहे आणि नेट चालू आहे, तरीही आत प्रवेश नाकारला जात असेल, तर हा उठून यायचा दोष आहे. ‘सर्व्हर डाउन असेल, नंतर होईल’ असे कोणी म्हटले, तर नंतरच या.

आता अमेरिकेतल्या प्लेस्टेशन ५ विषयी. व्होल्टेजची भीती बाळगू नका. त्याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, तसे त्याच्या लेबलवरही छापलेले असते, आणि पूर्वी टेपरेकॉर्डरला असायची तशी आठाच्या आकाराची वायर आपल्या पिनची घेतली की झाले. ही भीती लोकांच्या मनात बसली ती एक्सबॉक्स ३६० च्या काळात. त्याचा अमेरिकी ॲडॅप्टर ११० व्होल्टच्या घराण्यातला होता आणि इथे सरळ लावून अनेकांनी तो जाळला. गेमच्या डिस्कवर देशाचे बंधन नाही, अमेरिकी कन्सोलवर इथल्या डिस्क चालतात. एक बारकावा मात्र आहे: डिस्क अमेरिकी आणि खाते भारतीय असेल, तर त्या गेमसाठी इथल्या स्टोअरमधून घेतलेली जोड-सामग्री बहुधा जुळत नाही. म्हणून त्याच्याकडच्या डिस्क घ्या, पण त्यांच्या जोडीला काही विकत घेण्याआधी विचार करा. सिनेमांच्या डिस्कला देशाचे बंधन आहे. ब्लू-रे मध्ये अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो. तुम्हाला तो गेमसाठीच हवा असल्याने याने काही अडत नाही. अमेरिकेतील वॉरंटी इथे उपयोगी पडेल असे मात्र धरू नका. मॉडेल क्रमांक सीएफआय या अक्षरांनी सुरू होतो आणि त्याच्या अंकांच्या शेवटी १५ असेल, तर तो अमेरिका-कॅनडाच्या बाजारातला.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि ती पुढे वाढली. तुमच्या नातेवाइकाचा भाव त्या मानाने रास्त वाटतो. त्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्याची ओळख. यंत्र एकाच्याच हातात राहिले आहे, उघडले की नाही ते तो खरे सांगेल, आणि दोन महिन्यांनी काही निघाले तर तो फोन उचलेल. जुन्या वस्तूच्या व्यवहारात या गोष्टीला मी काही हजारांची किंमत सहज देतो. शिवाय प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सर्व गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात, त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या डिस्कचा सगळा साठा मुलाला खुला राहतो. याउलट दिशेने ते होत नाही. क्रिकेट आणि फुटबॉलचे काही गेम प्लेस्टेशन ४ साठीही मिळतात, पण मुले ज्याची वाट पाहत आहेत तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ केवळ प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सिरीज पिढीसाठी जाहीर झाला आहे. दहावीच्या मुलासाठी तो योग्य की नाही, हे तुम्ही ठरवायचे. माझे मत विचाराल तर अजून दोन वर्षे नको.

म्हणून माझा सल्ला असा. अठ्ठावीस हजार कर्ज न काढता उभे राहत असतील, तर वरच्या सर्व परीक्षा घेऊन नात्यातला प्लेस्टेशन ५ घ्या. नातेवाईक आहे म्हणून पाऊण तासाची परीक्षा सोडू नका, उलट ती त्याच्यासमोर करा, म्हणजे पुढे नात्यात शब्द येणार नाही. ते पैसे उभे राहत नसतील, तर पुण्यातला स्लिम वाईट नाही, फक्त पंधरा हजारांना नाही. गेम शून्य धरले, एक कंट्रोलर ड्रिफ्ट होतो असे निघाले आणि हार्ड डिस्क बदलावी लागेल असे गृहीत धरले, तर माझ्या हिशेबाने साडेनऊ-दहा हजारांच्या वर जाऊ नये. दोन्ही कंट्रोलर अस्सल आणि निर्दोष निघाले, तर आणखी हजार द्यायला हरकत नाही. ऑनलाइन खेळायचे असेल, तर प्लेस्टेशन प्लसचे वर्गणीमूल्य त्यात आतापासून धरा. विकत घेतलेले गेम इतरांबरोबर नेटवर खेळायला ते लागते, फुकटचे बहुतेक गेम त्याविना चालतात.

पुण्यातला व्यवहार ठरला तर पाहण्यापूर्वी एक रुपयाही ‘टोकन’ म्हणून पाठवू नका. बदली झालेल्या जवानाचे नाव पुढे करून आगाऊ पैसे मागण्याचा प्रकार फार चालतो. बिल मागा. बिल, खोका आणि यंत्रावरचे लेबल या तिन्हींवरचा अनुक्रमांक सारखाच असला पाहिजे. बिल हरवलेले असू शकते, पण लेबल खरवडलेले असेल तर तो कन्सोल चोरीचा असण्याची शक्यता असते, आणि चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. साध्या कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम, तारीख, दोघांची नावे आणि सह्या घ्या, आणि पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. पैसे देण्याच्या क्षणी विकणाऱ्याला आपले खाते काढायला आणि कन्सोल पूर्ण पुसायला सांगा. घाईची पद्धत काही मिनिटांत होते, पूर्ण पद्धतीला काही तास लागतात. समोर घाईची करून घ्या आणि घरी रात्रभर पूर्ण चालू द्या.

घरी आणल्यावर तो टीव्हीखालच्या बंद काचेच्या कपाटात ठेवू नका. मागे वीतभर जागा मोकळी राहील असा उघड्या फळीवर ठेवा. मुलाच्या खात्यावर तुमचे बँक कार्ड जोडून ठेवू नका, लागेल तेवढी रक्कम वॉलेटमध्ये भरा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की केवळ बटण बंद करून भागत नाही. विजेचा प्लग, एचडीएमआय केबल आणि नेटची वायर तिन्ही काढा, कारण दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी माझ्याकडे येणाऱ्या कन्सोलपैकी बऱ्याचशांत वीज आत शिरलेली असते ती प्लगमधून नव्हे, तर सेट टॉप बॉक्सपासून टीव्ही आणि टीव्हीपासून एचडीएमआय या वाटेने.